सामाजिक करार : संमती आणि राजकीय सत्तेचा पाया

राजा ईश्वराने नेमला, किंवा बलवानाने दुर्बळांना जिंकून राज्य स्थापले, यांपैकी कोणतेही उत्तर स्वीकारले तरी एक प्रश्न शिल्लक राहतो. आज्ञा पाळण्याचे कर्तव्य कोठून येते? जिंकलेला मनुष्य भीतीने वाकतो. परंतु भय आणि कर्तव्य या भिन्न गोष्टी आहेत. सामाजिक कराराचा सिद्धान्त कर्तव्याचे मूळ शासितांच्या संमतीत शोधतो. असा करार प्रत्यक्ष केव्हा झाला, असे अनेक विद्यार्थी विचारतात. त्याचा कागद कोठेही सापडणार नाही. करार ही सत्तेला लावायची कसोटी आहे, असे समजून पुढील विवेचन वाचावे.

इंग्लंडमधील यादवी अनुभवलेल्या हॉब्जने 'लेव्हायथन' (१६५१) मध्ये सत्ताविहीन अवस्थेचे वर्णन सर्वांचे सर्वांशी युद्ध असे केले. या युद्धातून सुटण्यासाठी माणसे आपले अधिकार सार्वभौमाच्या स्वाधीन करतात. लॉकच्या मते शासन हे केवळ विश्वस्त असते. विश्वासभंग झाल्यास शासन विसर्जित होते, समाज मात्र टिकून राहतो. रूसोने १७६२ मध्ये बजावले की बळातून हक्क निर्माण होत नाही.

हा वाद आपल्याच जिल्ह्यात एकदा प्रत्यक्ष उभा राहिला होता. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर शहर पेटले. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. संतप्त जमावाने चौकी व न्यायालयाची इमारत जाळली आणि पोलीसही मारले गेले. त्यानंतर पोलीस शहरातून निघून गेले. ९ ते ११ मे या दिवसांत शहरात ब्रिटिश सत्ता नावालाही उरली नव्हती, आणि वाहतूक व बंदोबस्त काँग्रेसचे स्वयंसेवक पाहत होते. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला. तो जूनअखेरपर्यंत चालला, आणि त्या काळात गांधी टोपी घालणे हासुद्धा गुन्हा ठरला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली.

हॉब्जचा वाचक जळलेल्या चौकीकडे बोट दाखवील, तर लॉकचा वाचक चौकात उभ्या राहिलेल्या स्वयंसेवकाकडे. दोन्ही दृश्ये खरी आहेत. अभिमानापोटी पहिले झाकणे योग्य नव्हे. तरीही शासन गेल्यावर समाज विरघळला नाही, ही गोष्ट हॉब्जच्या चौकटीत बसत नाही. लष्करी कायद्याखाली टोप्या उतरल्या, म्हणजे आज्ञापालन झाले. परंतु त्या आज्ञेला अधिकार होता काय, हे विचारताच रूसोचा मुद्दा समोर येतो.

आता संमतीच्या सर्वांत अवघड बाजूकडे वळू. बहुतेक माणसे कोणत्याही शासनाला शब्दाने संमती देत नाहीत. यावर लॉकने 'मूक संमती'ची कल्पना मांडली : राज्यातील महामार्गावरून केवळ प्रवास करणाऱ्यानेही, तेवढ्यापुरती का होईना, तेथील शासनाला संमती दिलेली असते. मंद्रूप हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील गाव सोलापूर–विजापूर मार्गावर आहे. विजापूरहून येणारा मालमोटारीचा चालक मंद्रूप ओलांडतो, तेव्हा तो महाराष्ट्रातील कायद्यांना संमती देतो, असे मानावे लागेल. चालकाच्या बाबतीत हे पटण्याजोगे आहे. त्याला परत जाता येते. पण त्याच गावातील भूमिहीन शेतमजुराचे काय? ह्यूमने १७४८ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला. रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या आणि परक्या देशाची भाषा न जाणणाऱ्या गरिबाला देश सोडण्याचे स्वातंत्र्य आहे असे म्हणणे, म्हणजे झोपेत जहाजावर आणलेल्या माणसाने कप्तानाची सत्ता मान्य केली असे म्हणण्यासारखे आहे. ज्याच्यापाशी निघून जाण्याची ऐपत नाही, त्याच्या राहण्याला संमती म्हणता येत नाही. प्रस्तुत लेखकास हा आक्षेप अद्याप अनुत्तरित वाटतो.

भारतीय संविधानालाही हा प्रश्न लागू पडतो. संविधान सभेतील प्रांतांचे सदस्य ज्या विधिमंडळांनी निवडले, त्यांचा मताधिकार मालमत्ता, कर व शिक्षण यांनी मर्यादित होता. म्हणजे 'आम्ही, भारताचे लोक' या शब्दांत शेतमजुराचा समावेश झाला, पण त्यांच्यापैकी बहुतेकांना त्याआधी मत नव्हते. प्रौढ मताधिकाराने पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली ती १९५१–५२ मध्ये. संमती येथे कराराच्या नंतर आली, आणि ती दर निवडणुकीत पुन्हा मागावी लागते. गावपातळीवर प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो. मात्र गणपूर्तीसाठी एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. मोठ्या गावात उरलेल्या हजारोंचे मौन लॉकच्या अर्थाने संमती ठरते की ह्यूमच्या अर्थाने नाइलाज, याचा निर्णय सभेच्या इतिवृत्तावरून करता येत नाही.

स्वयंअध्ययन : आपल्या गावातील एका ग्रामसभेस उपस्थित राहा. कोण आले नाही आणि का, याची नोंद करून मूक संमतीच्या कल्पनेचे १५० शब्दांत परीक्षण करा.