अभ्यासाच्या पैशात आपली रोजी कुठे असते?

मोहर्ली गेटवर पर्यटक येतात, तशी विद्यापीठांची मुलं-मुलीही येतात. कुणी वाघाचा अभ्यास करतं, कुणी मोहफुलाचा, कुणी जनावरांनी केलेल्या पीकनुकसानीचा. आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं. त्याआधी इथली कॉलेजं नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. विद्यापीठ जवळ आलं, म्हणजे अभ्यासाला येणारी माणसंही जवळची झाली.

ही मंडळी आपल्याला वाट दाखवायला सांगतात, गोंडीतलं बोलणं मराठीत करून मागतात, घरोघरी माहिती गोळा करायला सोबत नेतात. काम संपल्यावर मात्र कधी रोजी मिळते, कधी नुसता चहा. संशोधक मनाने वाईट असतो असं नाही. बहुतेक वेळा कारण कागदावर असतं. तो कागद आज समजून घेऊ.

संशोधनासाठी सरकारी संस्था विद्यापीठाला अनुदान देते. त्यासाठी आधी प्रस्ताव पाठवावा लागतो आणि त्यात अंदाजपत्रक असतं. त्यात खर्चाचे कप्पे असतात: माणसांचा पगार, यंत्रसामग्री, प्रवास आणि गावातलं काम, किरकोळ म्हणजे आकस्मिक खर्च, शिवाय वीज, इमारत, कार्यालय यांपोटी विद्यापीठाचा वाटा. पैसा मंजूर झाला की हप्त्याहप्त्याने येतो. ज्या कप्प्याला जितका मंजूर, तितकाच खर्च करायचा. एका कप्प्यातला दुसऱ्यात टाकायचा तर पैसे देणाऱ्या संस्थेची परवानगी लागते. शेवटी हिशेब तपासून उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते अडलं तर पुढचा हप्ताही अडतो. म्हणून लेखा विभागातले बाबू पावतीशिवाय पैसा सोडत नाहीत.

आता एक हिशेब मांडू. समजा, बारा बायांनी पंधरा दिवस काम केलं आणि रोजी ४०० रुपये धरली. एकूण १८० दिवस झाले, म्हणजे ७२,००० रुपये. प्रस्तावात ही ओळ असेल तर पैसा सरळ खात्यावर येतो. नसेल आणि आकस्मिक खर्चाला वर्षाचे २०,००० मंजूर असतील, तर त्यातच छपाई, झेरॉक्स, टपाल आणि आपण! मग आपल्या वाट्याला चहा येतो, यात नवल काय?

वेळेचाही हिशेब असतो. अभयारण्यात अभ्यास करायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. ती उशिरा आली आणि सर्वेक्षण नेमकं मोहफुलाच्या हंगामात पडलं, तर आपला वेचणीचा दिवस बुडतो. प्रश्नांची उत्तरं देण्यात गेलेल्या सकाळचीही किंमत असते. ती प्रस्ताव लिहिणाऱ्याला शहरात बसून कळत नाही, आपणच सांगावी लागते.

म्हणून तीन गोष्टी करा. पहिली, संशोधक ओळख करून घ्यायला येईल तेव्हाच विचारा, "प्रकल्प मंजूर झाला की व्हायचा आहे? आमची रोजी कोणत्या कप्प्यात धरली?" प्रस्ताव अजून जायचा असेल तर तीच खरी वेळ. दुसरी, काम ग्रामसभेला किंवा बचत गटाला कळवून घ्या. दिवस, रोजी आणि काम लिहून दोघांच्या सह्या करा. तिसरी, हजेरीवर रोजच्या रोज सही करा, पैसे खात्यावर घ्या आणि कोऱ्या पावतीवर अंगठा देऊ नका. हजेरी नीट असली तर विद्यापीठाच्या लेखा विभागाचंही काम सोपं होतं.

जंगलातली वाट, झाडांची नावं, कोणत्या नाल्यावर जनावर पाण्याला येतं, हे ज्ञान आपल्याकडे आहे. अभ्यास त्यावरच उभा राहतो. मग त्याची एक ओळ अंदाजपत्रकात मागायला संकोच कशाला?