सतरा नंबरचा फॉर्म

बँकेत माणसं प्रथम भेटतात ती अर्जावर. नाव, वय, धंदा, जामीन. १९८६ साली पाथर्डी तालुक्यातल्या एका शाखेत मी नवाकोरा अधिकारी म्हणून रुजू झालो, तेव्हा एका अर्जात जामीनदाराच्या धंद्यापुढं लिहिलेलं होतं, 'युवक कार्यकर्ता, ख्रिस्ती मंडळी'. मी विचारलं, "हा काय धंदा आहे?" समोरचा तरुण माझ्याच वयाचा असावा. हसून म्हणाला, "धंदा नाही साहेब, पण दुसरं काही करत नाही."

त्याच्या तरुण संघातल्या एका पोराला सायकल दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं. जामीनदाराचं मानधन महिना दीडशे रुपये, तेही मिळालं तर. मी जामीन नामंजूर केला. नियमाला धरूनच केला. त्या रात्री मला शांत झोप लागली, हे आज लिहिताना बरं वाटत नाही.

त्यानं मात्र राग धरला नाही. म्हाताऱ्या बायकांच्या पैसे काढायच्या चिठ्ठ्या लिहून द्यायला तो बाजाराच्या दिवशी येई, आणि चहापुरता माझ्यापाशी टेके. तशी ओळख वाढली.

नगरला अमेरिकन मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं, 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये निघालं. शहरातल्या वाचकाला ख्रिस्ती माणूस माहीत असतो तो रेव्हरंड टिळकांमुळे आणि लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मुळे. पण त्या डोंगराकडेच्या वस्त्यांवरचा ख्रिस्ती बहुतेक गावकुसाबाहेरचा. असलंच तर एखादा एकर खडकाळ रान. दसरा झाला की मुकादमाची उचल घेऊन बायकापोरांसह ऊसतोडीला निघायचं. धर्म बदलला, कोयता तोच राहिला.

अशा सात वस्त्या त्याच्याकडे होत्या. कॅरियरला पेटी बांधून सायकलवर हिंडायचा. सकाळी मुलांची शब्बाथशाळा, रात्री तरुण संघ, मधूनच कीर्तन. नगरकडे ख्रिस्ती कीर्तनाचं कुणाला नवल नाही. टाळ तोच, चालही ओळखीची, आख्यान येशूचं. पोरं गाणी उत्साहानं म्हणत. प्रार्थना संपली की खरे प्रश्न निघत. शाळेच्या दाखल्यावर जात काय लावायची? १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या; १९५६ मध्ये शीख आणि पुढं १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. काही घरांत कागदावर एक आणि चुलीपाशी एक असा धर्म असे. "मास्तर, खोटं लिहिलं तर पाप लागंल का?" असं एका पोरानं विचारलं, तेव्हा याला उत्तर सुचलं नव्हतं. मला सांगतानाही सुचत नव्हतं.

दिवाळीनंतर तर संघच उरत नसे. पोरं प्रवरेच्या पट्ट्यात फडावर. मग हा नाताळ तिकडे घेऊन जाई. त्या वर्षी मीही एस.टी.नं त्याच्याबरोबर गेलो. चोवीस डिसेंबर, कडाक्याची थंडी, पाचटाच्या कोप्या, कंदील. पहाटे तीनला गाड्या जोडायच्या होत्या. यानं पेटीवर एक गाणं म्हटलं, पुस्तक उघडलं आणि पाहतो तो समोरची निम्मी मंडळी बसल्याजागी डुलक्या घेताहेत. त्यानं पुस्तक मिटलं. "प्रभू आज जन्मला. गोठ्यात जन्मला, त्याला कोपीची सवय आहे. झोपा आता." तेवढाच उपदेश. मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत, इतकं लहान दुसरं नाही.

शेजारच्या कोपीत एक मुलगी ढणढणत्या चिमणीपाशी भूमिती वाचत बसली होती. वंजाऱ्याची पोर, मंडळीशी संबंध नाही. नववीनंतर शाळा सुटली होती. यानं तिचा सतरा नंबरचा फॉर्म भरला होता, बाहेरून दहावीला बसण्यासाठीचा. पण आई तापानं आडवी, मोळ्या बांधायला तीच, आणि उचल फिटेपर्यंत मुकादम सोडणार कसा? मार्चमध्ये परीक्षा आली. पेपर संपेपर्यंत तिच्या जागी हा मोळ्या बांधायला उभा राहिला.

परत आला तेव्हा त्याचे हात पाचटानं चिरलेले होते. एवढ्यावर भागलं नाही. मुलीच्या चुलत्यानं गावात ओरडा केला, पोरीला बाटवायला निघालाय. इकडे मंडळीच्या पंचांनी बोलावून घेतलं. गुड फ्रायडे तोंडावर आलेला, गाणी बसवायची सोडून हा कुणाच्या मोळ्या बांधतो, आणि त्याही मंडळीबाहेरच्या! हे ख्रिस्ती काम कसं? दोन महिन्यांचं मानधन अडकलं. तो म्हणाला, "चुलता म्हणतो मी तिला ख्रिस्ती करतोय, पंच म्हणतात करत का नाहीस. दोघांना एकदा समोरासमोर बसवावं म्हणतो." हे तो हसत बोलला, पण सायकलला टेकून बराच वेळ उभा राहिला. त्या दिवशी चहाही घेतला नाही. काम सोडावं असं तेव्हा त्याच्या मनात आलं होतं, हे त्यानं पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

मुलगी गणितात गेली. ऑक्टोबरला पुन्हा बसली, सुटली. ती ख्रिस्ती झाली नाही. त्यानं तिला तसं कधी विचारलंही नाही.

माझी बदली झाली, वर्षं गेली. जिल्ह्याचंही नाव आता अहिल्यानगर झालं. मागल्या वर्षी पाथर्डीच्या स्टँडवर त्यानंच मला ओळखलं. केस पांढरे, गळ्यात मफलर, पिशवीत परीक्षेच्या अर्जांच्या झेरॉक्स. मानधनाचं विचारलं तर म्हणाला, "येतं, मनात आलं तर." ते सायकल दुरुस्तीचं दुकान काही निघालं नाही, पोरगा चार हंगाम उसाला जाऊन पुण्याला गेला, पुढं पत्ता नाही, हेही त्यानं सांगितलं. मी खाली मान घातली.

गाडी लागली. त्यानं माझी बॅग वर चढवून दिली आणि खिडकीशी येऊन म्हणाला, "सलाम, साहेब. आता कुणी विचारलं तर जामीन राहाल का?"