रीत ओळखून केलेली मदत

समाजकार्य हा शब्द आता आपणांपैकी कोणास नवा राहिलेला नाही. परंतु त्याचे शास्त्र म्हणून जे शिकविले जाते, ते आपल्याकडे आले परदेशातून. मेरी रिचमंड या अमेरिकन विदुषीचा 'सोशल डायग्नोसिस' हा ग्रंथ 1917 साली निघाला. गरजू माणसाच्या घरी कसे जावे, माहिती कोणाकोणाकडून घ्यावी, तिची नोंद कशी ठेवावी, या सर्वांस त्यात पद्धत लावलेली होती. पुढे 1936 साली मुंबईस सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे नागपाड्याच्या वस्तीत काम केलेले अमेरिकन मिशनरी होते. आपल्या बडोद्यासही सयाजीराव विद्यापीठाच्या आरंभीच्याच काळात समाजकार्याची शाखा सुरू झाली, आणि हातात छापील तक्ते घेतलेली विद्यार्थिमंडळी जुन्या वाड्यांच्या पायऱ्या चढू लागली.

अडचण येते ती त्या पायऱ्यांवरच. पुस्तक सांगते की, मदत मागणाऱ्याशी एकांतात बोलावे. आपल्या घरांत एकांत असतो कोठे? सुनेला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सासूबाई देतात, दारात शेजारीण उभी असते, आणि लेकराला सगळे ऐकू जात असते. पुस्तक म्हणते, अंतर राखावे, नाते जोडू नये. पण घरी आलेल्या बाईला 'ताई' म्हटल्यावाचून आपल्याकडे कोणाचे तोंडच उघडत नाही. चहाचा तर प्रश्न मोठाच आहे. पुढे आलेला कप नको म्हटला, तर 'आमच्या घरचे चालत नाही काय?' ही शंका मनात येते, आणि जातिभेदाने पोळलेल्या घरात ती खोल रुतते. अशा वेळी चहा घ्यावा, घरातल्या वडीलधाऱ्यांशी आधी बोलावे, आणि सुनेचे म्हणणे पुढे केव्हातरी देवळाच्या ओट्यावर किंवा दवाखान्याच्या वाटेवर ऐकावे. गुप्तता राखण्याचे तत्त्व यामुळे मोडत नाही, ते पाळण्याची जागा मात्र बदलते.

मदत घेणे ही आपल्या लोकांत लाजेची गोष्ट मानली जाते. मध्यमवर्गीय मराठी घर तर अर्धपोटी राहील, पण हात पसरणार नाही. ही लाज आपल्या वडीलधाऱ्यांनी चांगली ओळखली होती. मुष्टिफंडाची चाल पाहा. रोज स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ वेगळे काढावयाचे आणि महिन्याने ते गोळा करून एखाद्या सत्कार्यास लावावयाचे. देणाऱ्या घरास मूठभर तांदळाचा भार वाटत नसे, आणि घेणाऱ्याच्या डोक्यावर कोणा एका धनिकाचे ओझे बसत नसे. पणजीस याच नावाची जुनी शिक्षणसंस्था आहे, ती या चालीची साक्षच होय.

वार लावून जेवण्याच्या चालीविषयी मात्र आम्ही इतके गोड बोलणार नाही. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवून अनेक मुले शिकली हे खरे. पण कोणत्या पंक्तीला बसविले, शिळे वाढले की ताजे, हे त्यांतल्या पुष्कळांनी म्हातारपणीही विसरलेले नव्हते. शिवाय ही दारे ठराविक जातींच्या मुलांसाठीच उघडी होती. विद्यार्थ्यांची वसतिगृहे निघाली आणि हा वारांचा हिशोब संपला, हे बरेच झाले. जुने म्हणून सारेच उचलावयाचे नसते.

लोकांची रीत कामाला कशी जुंपावी, याचा आपल्या भाषेतील सर्वांत मोठा नमुना म्हणजे गाडगेमहाराज (1876–1956). दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडावयाचे आणि रात्री त्याच गावात कीर्तनास उभे राहावयाचे. श्रोत्यांना वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारावयाचे, उत्तर त्यांच्याच तोंडून काढावयाचे, आणि कर्ज काढून लग्न करणे, दारू, नवसाला बोकड कापणे यांचा समाचार घ्यावयाचा. स्वच्छतेवरील व्याख्यानास जे गाव जमले नसते, ते कीर्तनास जमे. कीर्तनाचा साचा तोच राहिला, त्यातला आशय त्यांनी बदलला. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथील त्यांच्या धर्मशाळाही वारकऱ्याची खरी गैरसोय पाहूनच उभ्या राहिल्या.

अलीकडचे उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी 1986 साली तेथे 'सर्च' ही संस्था काढली. आदिवासी लोक सरकारी इस्पितळात का जात नाहीत, हे त्यांनी त्यांनाच विचारले. उत्तरे ऐकण्यासारखी होती. मोठ्या इमारतीची भीती वाटते. प्रेताला पांढरे कापड गुंडाळतात आणि डॉक्टर-नर्सही पांढरेच घालतात. बरोबर आलेल्या नातेवाइकांना राहू देत नाहीत. तेव्हा शोधग्रामचे रुग्णालय गोंडी पाड्यासारख्या झोपड्यांचे झाले, नातेवाइकांची सोय झाली, आणि रुग्णालयास नाव मिळाले त्यांच्या दंतेश्वरी मातेचे. बाळंतीण आणि नवजात मूल घराबाहेर काढावयाचे नाही, ही तेथली रीत. म्हणून गावातल्याच बायांना शिकवून उपचार घरात नेले. मोठी संख्या मोजता न येणाऱ्या दायांसाठी मण्यांची पाटी केली. बाळाच्या दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवावयाचा, म्हणजे न्यूमोनिया ओळखता येतो. 39 गावांत नवजात मुलांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे गावोगावच्या 'आशा' कार्यकर्त्यांच्या कामातही अशा घरपोच सेवेचा समावेश झाला.

आता एक अवघड प्रश्न उरतो. रीतच जर अन्यायाची असेल, तर काय करावे? आपल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचेच घ्या. स्त्रियांना एकत्र आणण्याचे याहून सोपे निमित्त दुसरे नाही. आरोग्याची माहिती द्या, बचतीची गोष्ट काढा, सगळे चालते. पण विधवा बहिणींना त्याच दिवशी घरात बसावे लागते, आणि मदतीची गरज बहुधा त्यांनाच अधिक असते. येथे रीतीशी जुळवून घेणे म्हणजे अन्यायाला हातभार लावणे होय. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने 2022 च्या मे महिन्यात ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद केल्या. राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांनाही तसे करण्याचे आवाहन केले. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे की, हा निर्णय बाहेरून कोणी येऊन दिलेला नव्हता. गावाने आपल्याच सभेत, आपल्याच माणसांसमोर तो घेतला. बाहेरच्या कार्यकर्त्याने तेच शब्द उच्चारले असते, तर भांडण झाले असते.

आपल्या न्यासाच्या कार्यकर्त्यांस म्हणून आमची व्यवहाराची सूचना एवढीच. शिष्यवृत्तीची नावे सभेत मोठ्याने वाचू नयेत. धनादेश मुलाच्या हाती किंवा थेट शाळेत जावा. औषधांची मदत द्यावयास जाताना एकट्याने न जाता त्या घराच्या ओळखीचे माणूस बरोबर न्यावे, आणि संक्रांतीचे आमंत्रण सर्व भगिनींस एकाच मजकुराचे जावे. कोणास ओटी भरावयाची व कोणास नाही, असा भेद त्या दिवशी आपल्या सभागृहात होऊ नये. यंदाच्या तक्त्यातून 'वैवाहिक स्थिती' हा रकाना पहिल्या पानावरून काढून शेवटी नेला आहे, आणि तो भरणे ज्याच्या त्याच्या खुशीवर ठेवले आहे.