चाळीतला कांदा, नवे यंत्र आणि सरकारी मदत



उन्हाळ कांदा चाळीत भरला की निफाडच्या शेतकऱ्याचा निम्मा घोर संपतो. उरलेला निम्मा चाळीतच राहतो. वरून माल टवटवीत दिसतो आणि आत कुठेतरी एक कांदा सडू लागलेला असतो. वास नाकाला येईपर्यंत शेजारचे पाच-पंचवीस गेलेले असतात. मग मजूर लावून निवड करायची आणि उरलेला माल मिळेल त्या भावाला लासलगावला किंवा पिंपळगावला न्यायचा. हे आपल्याला नवे नाही.

या दुखण्यावर लासलगावच्याच कल्याणी शिंदे यांनी काम केले. त्या शेतकरी घरातल्या, शिकल्या संगणकाचे. त्यांच्या ‘गोदाम इनोव्हेशन्स’ या नवउद्योगाने चाळीत बसवायचे यंत्र तयार केले. सडणाऱ्या कांद्यातून वायू बाहेर पडतो. आपल्या नाकाला तो कळण्याआधीच हे यंत्र तो ओळखते आणि मालकाला इशारा देते. सडका माल वेळेत काढला तर बाकीचा वाचतो. गोष्ट एवढीच, पण कामाची.

आता विचाराल, असा उद्योग उभा कसा राहतो? कांद्याचे बी आपण आधी गादीवाफ्यावर टाकतो, रोप तयार झाले की मगच लावणी करतो. नव्या कल्पनेलाही तसाच वाफा लागतो. त्याला ‘इन्क्युबेशन सेंटर’ म्हणतात. तिथे बसायला जागा, यंत्रसामग्री आणि जाणकारांचा सल्ला मिळतो. कल्याणीताईंना असा वाफा नाशकातच मिळाला, टीसीएस कंपनीच्या ‘डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर’मध्ये. 2015 च्या सिंहस्थात गर्दी, स्वच्छता, आरोग्य अशा प्रश्नांवर तरुणांनी जे प्रयोग केले, त्यातून हे केंद्र पुढे आले. ते खासगी आहे. पण सरकारनेही असे वाफे तयार केले आहेत. त्यांची माहिती अशी :

1. केंद्र सरकारने 16 जानेवारी 2016 रोजी ‘स्टार्टअप इंडिया’ सुरू केले. त्यात नवउद्योगाला मान्यता मिळते. या अर्जाला फी नाही. मान्यता असेल तर पेटंटच्या सरकारी फीमध्ये 80 टक्के सूट मिळते.

2. शेतीच्या नवउद्योगांसाठी राष्ट्रीय कृषी विकास योजनेत 2018-19 पासून वेगळा कार्यक्रम आला. त्यात दोन महिन्यांचे प्रशिक्षण, नुसती कल्पना असेल तर 5 लाखांपर्यंत आणि नमुना तयार होऊन उद्योग सुरू करायचा असेल तर 25 लाखांपर्यंत अनुदान ठेवले. हे पैसे हप्त्याहप्त्याने, काम पाहून दिले जातात. हैदराबादची ‘मॅनेज’ संस्था आणि दिल्लीची पुसा संस्था ही त्यातली मोठी केंद्रे.

3. महाराष्ट्राचे स्टार्टअप धोरण 2018 साली आले. राज्य नाविन्यता सोसायटीने भरवलेल्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या नवउद्योगांना 15 लाखांपर्यंतची सरकारी कामे देण्यात आली. नुसत्या बक्षिसापेक्षा पहिले गिऱ्हाईक मिळणे मोलाचे असते.

मात्र सरकारने यंत्र उभे केले म्हणजे प्रश्न सुटला, असे धरून चालू नका. याचा दाखला आपल्याच तालुक्यात आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने 2002 साली लासलगावला ‘कृषक’ हे किरणोत्सर्गाचे केंद्र उभारले, ते मुख्यतः कांद्यासाठी. या प्रक्रियेने कांद्याला कोंब फुटत नाही, हे खरे. पण सड त्याने थांबत नाही. शिवाय काढणीनंतर माल सुकवून, कोंब जागा होण्याआधीच प्रक्रिया करावी लागते, आणि त्या दिवसांत तर सगळ्यांचा कांदा एकदमच निघतो. प्रक्रियेनंतर चांगली साठवण लागते ती वेगळीच. 2007 साली अमेरिकेला गेलेल्या आंब्यावर मात्र याच केंद्रात प्रक्रिया झाली. म्हणजे तंत्र खोटे नव्हते. ते कोणत्या मालाला, कोणत्या वेळी आणि किती खर्चात परवडते, हा हिशोब महत्त्वाचा. तो हिशोब शेतकऱ्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

म्हणून आपण एवढे करावे :

● कोणी नवे यंत्र घेऊन आले तर सगळ्या चाळीला एकदम लावू नका. एका कप्प्यात लावा, शेजारचा कप्पा तसाच ठेवा. भरताना आणि काढताना दोन्हींचे वजन करा, फरक वहीत लिहा.

● चाचणीचा खर्च कोणाचा आणि माल बिघडला तर भरपाई कोण देणार, हे कागदावर घ्या.

● घरातल्या मुलाने किंवा मुलीने काही जुळवाजुळव केली असेल तर ‘हे कसले उद्योग’ म्हणून हिणवू नका. अडचण काय, किती माल जातो आणि उपाय काय, हे दोन पानांत लिहून काढायला लावा. अर्जाला तेच लागते.

● ‘अनुदान काढून देतो, आधी पैसे भरा’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठवा. अर्ज मागवले आहेत का, याची खात्री तालुका कृषी कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात करून घ्या.

शेवटी एक ध्यानात ठेवा. ओला कांदा, जाड मानेचा कांदा, पात नीट न सुकवता भरलेला कांदा कोणतेही यंत्र वाचवू शकत नाही. यंत्र फक्त इशारा देते. चाळीत हात आपल्यालाच घालावा लागतो.