गाडीच्या ओरखड्यावर थेट रंगाचा स्प्रे मारताय? आधी हे वाचा!

पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी घासून जातं आणि दारावर थेट पत्रा दिसेल एवढा ओरखडा पडतो. गॅरेजवाला अख्ख्या दाराच्या रंगाचे पैसे सांगतो. मग रंगाचा स्प्रे कॅन आणून घरीच मारला जातो. सुरुवातीला सगळं झकास दिसतं. पावसाळ्यात मात्र त्याच जागी फुगे येतात, पोपडे निघतात आणि खाली गंज दिसतो. असं का होतं? कारण बऱ्याचदा प्रायमर मारलेलाच नसतो.

प्रायमर काय करतो?

गुळगुळीत पत्र्यावर रंगाला पकड मिळत नाही. प्रायमर पत्र्याला घट्ट धरतो आणि वरच्या रंगालाही धरून ठेवतो. पण गंजावर मारला तर उपयोग नाही, गंज आतल्या आत पसरतच राहतो.

मारायचा कसा?

१. जागा साबणाने धुवून वाळवा. मेण किंवा तेल राहिलं तर प्रायमर धरत नाही.

२. १२० ते १८० नंबरच्या पॉलिश पेपरने गंज पूर्ण काढा. भोवतालच्या रंगाची कड ३२० नंबरने घासून उतरती करा. धूळ पुसा आणि आजूबाजूचा भाग कागद-टेपने झाका.

३. कॅन दोन मिनिटं हलवा. साधारण २० ते २५ सेंटीमीटरवरून पातळ हात मारा. एकदम जाड मारला तर ओघळ येतात. दोन-तीन हात पुरतात. दोन हातांमध्ये किती थांबायचं ते कॅनवर लिहिलेलं असतं.

४. पूर्ण वाळल्यावर ६०० नंबरने हलकं घासा. मग रंग आणि शेवटी क्लिअर कोट.

ही चूक टाळा

प्रायमर मारून गाडी महिनाभर तशीच फिरवू नका. साधा प्रायमर ओलावा शोषतो आणि खाली पुन्हा गंज धरतो. दमट, पावसाळी हवेत हे काम टाळलेलंच बरं.

प्लास्टिकच्या बंपरला प्लास्टिकसाठीचा वेगळा प्रायमर लागतो. काम मोकळ्या हवेत, आगीपासून लांब करा. वाफांपुढे कापडी मास्क चालत नाही, फिल्टरवाला मास्क वापरा.

आणि हो, ओरखड्यावरून नख फिरवून बघा. नख अडकत नसेल तर बहुतेक वेळा नुसत्या पॉलिशनेही काम भागतं!