रस्ता आणि राज्य (लेखांक नववा) : क्रमांकपट्टीवरील मानचिन्ह

वाहनाच्या क्रमांकपट्टीचा जन्म कसा झाला आणि पोलीस व महसूल या दोन खात्यांनी तिचा उपयोग कसा करून घेतला, हे गेल्या लेखांकात आपण पाहिले. आज त्याच पट्टीच्या एका निराळ्या उपयोगाकडे वळावयाचे आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मोटारींची नोंदणी मध्यवर्ती सरकारकडे नसून ज्या त्या राज्याच्या स्वाधीन आहे. आणि तेथील विधिमंडळांपुढे वेळोवेळी असे मसुदे येतात की, अपघाताच्या जागी सर्वांआधी धावून जाणाऱ्या आपत्कालीन वैद्यकीय सेवकांना त्यांच्या खाजगी मोटारीसाठी एक विशेष पट्टी द्यावी, तिच्यावर त्यांच्या सेवेचे चिन्ह असावे, आणि तिच्यापोटी घेतलेल्या जादा शुल्काचा काही अंश त्याच सेवेच्या कामी यावा. पत्र्याच्या एका तुकड्याचा हा प्रश्न कित्येकांना क्षुल्लक वाटेल; मला तो तसा वाटत नाही.

या प्रथेचा उगम शोकात आहे. 28 जानेवारी 1986 रोजी ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान उड्डाणानंतर अवघ्या 73 सेकंदांत कोसळले आणि सात जण प्राणांस मुकले. त्यांच्या स्मरणार्थ फ्लोरिडा राज्याने काढलेली पट्टी 1987 पासून रस्त्यांवर दिसू लागली, आणि तिच्या उत्पन्नातून केनेडी अंतराळ केंद्रातील स्मारकास द्रव्य मिळाले. पुढे विद्यापीठे, निवृत्त सैनिक, वन्यप्राण्यांचे कैवारी अशा अनेकांनी हाच मार्ग धरला, आणि पट्ट्यांची संख्या इतकी वाढली की खुद्द फ्लोरिडाला 150 ची कमाल मर्यादा कायद्याने घालावी लागली.

वैद्यकीय सेवकांच्या पट्टीवर जे चिन्ह शोभावे, त्याचाही इतिहास आहे. पूर्वी तेथील रुग्णवाहिकांवर नारिंगी रंगाचा क्रूस असे. तो आपल्या चिन्हाशी फार मिळताजुळता आहे, अशी तक्रार 1973 मध्ये अमेरिकन रेड क्रॉसने केली, आणि ती रास्त होती. तेव्हा महामार्ग सुरक्षा खात्यातील लिओ श्वार्ट्झ यांनी सहा भुजांचा निळा तारा रेखाटला, त्याच्या मध्यभागी ग्रीकांच्या आरोग्यदेवतेचा सर्पवेष्टित दंड ठेवला, आणि दुर्घटना ध्यानात येणे, वर्दी देणे, धावून जाणे, जागेवरचा उपचार, वाटेतला उपचार व रुग्णालयाच्या हवाली करणे अशी एकेक पायरी एकेका भुजेस नेमून दिली. ‘स्टार ऑफ लाइफ’ या नावाचे हे चिन्ह 1 फेब्रुवारी 1977 रोजी रीतसर नोंदले गेले. आपल्याकडे डॉक्टरांच्या मोटारींवर लाल क्रूस सर्रास दिसतो. वस्तुतः 1960 च्या जिनिव्हा करार अधिनियमाने त्याच्या अनधिकृत वापरास मनाई केलेली आहे, हे वाचकांनी जाता जाता ध्यानात ठेवावे.

ज्यांच्यासाठी ही पट्टी मागितली जाते ते कोण? व्हर्जिनिया राज्यातील रोआनोक येथे ज्युलियन वाइज नावाच्या मुलाने नदीत दोन माणसे बुडताना पाहिली, तीरावरच्या जमावापैकी कोणालाही त्यांना कसे वाचवावे हे ठाऊक नव्हते, आणि ते शल्य उरात बाळगून त्याने मोठेपणी, 1928 मध्ये, रेल्वेतील सहकाऱ्यांना घेऊन त्या देशातील पहिले स्वयंसेवी जीवरक्षक पथक उभे केले. तरीही पुढे कित्येक दशके अनेक गावांत जखमींना नेण्याचे काम अंत्यविधीचा व्यवसाय करणारे लोकच आपल्या शववाहिकांतून करीत. 1966 मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूला आधुनिक समाजाचा उपेक्षित रोग म्हणून संबोधले, तेव्हा कोठे राज्यकर्त्यांचे डोळे उघडले. पुढच्याच वर्षी पिट्सबर्ग शहरात डॉ. पीटर सफार यांच्या मार्गदर्शनाने ‘फ्रीडम हाऊस’ ही रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, आणि ज्यांना कोणी काम देत नव्हते अशा कृष्णवर्णीय तरुणांनी धावत्या गाडीत प्राण राखण्याची विद्या सिद्ध करून दाखविली. 1975 मध्ये शहराने स्वतःची सेवा काढून ही मोडीत काढली, आणि त्या तरुणांपैकी बहुतेकांना हळूहळू बाहेरची वाट धरावी लागली. त्यांच्या वाट्याला मान आला तो फार उशिरा, आणि पुष्कळांच्या वाट्याला तोही आला नाही.

आता व्यवहाराकडे येऊ. व्हर्जिनियात नवी विशेष पट्टी निघण्यासाठी 450 जणांचे आगाऊ पैसे भरलेले अर्ज दाखल व्हावे लागतात. आणि उत्पन्नात वाटा देणारी पट्टी असेल तर वार्षिक 25 डॉलर शुल्कापैकी 15 डॉलर संस्थेकडे जातात, पण तेही पहिल्या 1,000 पट्ट्यांनंतर. म्हणजे 1,500 सेवकांनी पट्टी घेतली तर वर्षाकाठी 7,500 डॉलर हाती येतील, आणि एवढ्या रकमेत रुग्णवाहिकेतील हृदयाला विजेचा झटका देणारे एक अद्ययावत यंत्रसुद्धा येत नाही. पट्टीमुळे सेवेची आर्थिक विवंचना मिटेल, असे सांगणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडून पाहावा.

दुसरी गोष्ट अधिकाराची. अशी पट्टी मान देते, अधिकार देत नाही. तिच्या जोरावर सिग्नल ओलांडता येत नाही की वेगमर्यादा मोडता येत नाही. न्यूयॉर्क राज्यात स्वयंसेवी अग्निशामकाला निळा आणि स्वयंसेवी रुग्णवाहिका-सेवकाला हिरवा दिवा स्वतःच्या मोटारीवर लावण्याची परवानगी मिळते, पण त्या दिव्यानेही ती मोटार रुग्णवाहिका ठरत नाही. ती केवळ वाट देण्याची विनंती असते. मात्र संकटात सापडलेला माणूस पट्टीवरचा तारा पाहून मदतीसाठी हाक मारील, आणि म्हणूनच ती चालू प्रमाणपत्र पाहूनच दिली जावी, आणि प्रमाणपत्राची मुदत सरताच परत घेतली जावी.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो न्यायालयाचा निवाडा. न्यू हॅम्पशायरच्या एका रहिवाशाने पट्टीवरील राज्याचे ब्रीदवाक्य झाकले होते; त्याच्या खटल्यात 1977 मध्ये, नागरिकाला न पटणारे वचन मिरविण्याची सक्ती करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. आणि 2015 मध्ये टेक्सासच्या प्रकरणात पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला की, विशेष पट्टीवरील मजकूर ही सरकारचीच वाणी होय. हे खरे मानले तर सेवकाच्या मोटारीवर सन्मान लिहिणारे राज्य स्वतःच्या तोंडाने बोलत आहे. आणि तीच राज्ये पोलीस व अग्निशामक दलांप्रमाणे रुग्णवाहिका सेवेस कायद्याने आवश्यक सेवा मानण्यास आजही अनेक ठिकाणी तयार नाहीत, अल्प वेतनापायी माणसे हे काम सोडून जातात, आणि स्वयंसेवक मिळेनासे झाल्याने लहान गावांतील पथके बंद पडतात. ही विसंगती मला असह्य वाटते.

तरीही मसुदा नाकारावा, असे मी म्हणणार नाही. प्रमाणपत्राची अट त्यात स्पष्ट असावी, आणि पहिल्या पट्टीपासूनचा वाटा सेवकांच्या प्रशिक्षणास मिळावा. या दोन तरतुदी असतील तर तो संमत व्हावा, नसतील तर त्या घालण्यासाठी समितीकडे परत जावा. खाजगी मोटारींवरील रंगीत दिव्यांच्या कायद्याचा विचार पुढील लेखांकात करू.