पल्लवीचं लग्न आणि आपलं लग्न : ‘मेड इन हेवन’चा तो भाग पुन्हा पाहताना

‘मेड इन हेवन’ या वेबमालिकेचा दुसरा सीझन ऑगस्ट २०२३ मध्ये आला. त्यातल्या पाचव्या भागाने आपल्या समाजात काही दिवस चांगलीच खळबळ उडवून दिली होती. पांढऱ्या साडीतली राधिका आपटे, बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची प्रतिमा, हे दृश्य तेव्हा जवळपास प्रत्येकाच्या स्टेटसला होतं. ॲड. प्रकाश आंबेडकरांनीही त्या भागाचं जाहीर कौतुक केलं. मग नेहमीप्रमाणे आपण पुढच्या विषयाकडे वळलो.

मी त्या भागाकडे पुन्हा वळले, त्याला कारण घडलं. आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात येणाऱ्या एका मुलीचं लग्न ठरलंय. मुलगा बौद्ध नाही, पण घर चांगलं आहे. मुलाकडच्यांचं म्हणणं असं, की सकाळी आमच्या पद्धतीने लग्न लावू, संध्याकाळी तुमचं काय असेल ते करा, आमची हरकत नाही. तिने मला विचारलं, “ताई, ते तर दोन्हीला हो म्हणतायत. मग मला वाईट का वाटतंय?” तिला लगेच उत्तर देता आलं नाही. रविवारी समाजमंदिरात प्रोजेक्टर लावून आम्ही पंधरा-सोळा जणांनी तो भाग एकत्र पाहिला. त्यानंतर जे बोलणं झालं, त्यात माझी मतं मिसळून हे लिहिते आहे.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात कथा. पल्लवी मेनके ही अमेरिकेत शिकवणारी, पुस्तक लिहिलेली, आपण दलित आहोत हे जगासमोर उघड सांगणारी बाई. तिचं लग्न ठरलंय विक्रमशी. तो वकील आहे, सुधारक विचारांचा आहे, तिच्यावर त्याचं मनापासून प्रेम आहे. त्याच्या घरच्यांनाही दलित सून चालते. अडचण येते ती लग्न बौद्ध पद्धतीनेही व्हावं असं ती म्हणते तेव्हा. म्हणजे सून चालते, पण तिचा बुद्ध आणि तिचे बाबासाहेब मंडपात आले की पाहुण्यांना काय सांगायचं, असा प्रश्न उभा राहतो. विक्रमलाही वाटतं, की ती लग्नातसुद्धा राजकारण आणते आहे. शेवटी बौद्ध विधी पडद्यावर येतो. तो घाईघाईत उरकलेला नाही, दिग्दर्शकाने त्याला पुरेसा वेळ दिला आहे.

या भागाचे दिग्दर्शक नीरज घायवान. हैदराबादेत वाढलेल्या मराठी कुटुंबातले, आणि आपली दलित ओळख न लपवता मुंबईत काम करणारे. त्यांची कामं ओळीने पाहिली तर एक धागा दिसतो. ‘मसान’मधला (२०१५) दीपक बनारसच्या घाटावर प्रेतं जाळणाऱ्या डोम कुटुंबातला आहे. ज्या मुलीवर त्याचा जीव आहे, तिच्यापासून तो हे लपवतो, आणि सांगतो तेव्हा रागाच्या भरात. ‘अजीब दास्तान्स’मधल्या ‘गीली पुच्ची’मध्ये (२०२१) भारती मंडल कारखान्यात मशीनवर काम करते. मैत्रिणीला ती आधी आडनाव बॅनर्जी सांगते, खरं आडनाव कळल्यावर त्या घरातलं सगळंच बदलतं, आणि चहा तिला स्टीलच्या पेल्यात मिळतो. पल्लवी मात्र सुरुवातीपासूनच सांगून मोकळी झालेली आहे. तिच्यापुढचा प्रश्न पुढचा आहे. आपण कोण हे सांगून झालं, आता त्या ओळखीला तुमच्या घरात जागा किती? लपवण्याच्या दुःखावर सिनेमे पुष्कळ झाले. हा प्रश्न पडद्यावर क्वचितच आला होता.

आमच्या बैठकीत एका मुलाने ‘फँड्री’ची आठवण काढली. डुक्कर पकडून जब्याचं कुटुंब शाळेच्या भिंतीजवळून जातं, त्या भिंतीवर बाबासाहेब, फुले, सावित्रीमाई, गाडगेबाबा रंगवलेले आहेत. माझ्या मते मराठी सिनेमातलं ते सर्वात अस्वस्थ करणारं दृश्य आहे. तिथे महामानव बघत आहेत आणि त्यांच्या देखत सगळं तसंच चाललंय. नागराज मंजुळेंनी भिंतीवरच्या चित्राची लाज आपल्यालाच वाटायला लावली. पल्लवीच्या लग्नात तीच प्रतिमा मंचावर येते, घरच्या मोठ्या माणसाने पुढे बसावं तशी. हिंदी पडद्यावर बाबासाहेब बहुतेक वेळा पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात साहेबाच्या डोक्यामागे टांगलेले दिसतात. लग्नघरात ते दिसावेत याचं अप्रूप वाटणं साहजिक आहे. आमच्या वर्गातल्या एका मावशींचे डोळे भरून आले, त्याबद्दल कुणी हसू नये.

आता पांढऱ्या साडीविषयी. त्या मुलीच्या होणाऱ्या सासूबाईंनी हेच विचारलं होतं, “लग्नात पांढरं कसं नेसायचं?” या प्रश्नाला आपल्यापैकी अनेक जण ‘आमच्यात असंच असतं’ एवढंच उत्तर देतात. याला आधार आहे. ४ डिसेंबर १९५६ च्या, म्हणजे महापरिनिर्वाणाच्या दोनच दिवस आधीच्या एका पत्रात बाबासाहेबांनी बौद्ध विवाहविधी समजावून सांगितला आहे. होम नाही, सप्तपदी नाही. वधू-वरांच्या मध्ये पाटावर मातीचं नवं मडकं ठेवायचं, ते पाण्याने काठोकाठ भरायचं, दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं. सुताचा धागा त्या पाण्यात सोडून त्याचं एकेक टोक दोघांनी हातात धरायचं. कुणीतरी मंगलसुत्त म्हणायचं. आणि दोघांनीही पांढरी वस्त्रं नेसायची. दोघांनीही, हे लक्षात घ्या. एका बाजूने दागिन्यांचा भार आणि दुसऱ्या बाजूने घोडा, असा मामला नाही. संपूर्ण विधी एका मडक्यात आणि एका धाग्यात बसतो, कर्ज काढावं लागत नाही.

आज आपल्याकडे जे लग्न लागतं त्यात त्रिशरण, पंचशील, वधू-वरांच्या प्रतिज्ञा, जयमंगल अष्टगाथा, फुलांचा वर्षाव असा क्रम असतो. बहुतेक ठिकाणी भारतीय बौद्ध महासभेचे प्रशिक्षित बौद्धाचार्य विधी लावतात. मडकं आणि धागा मात्र कितीतरी लग्नांतून गायब झालेत. त्यांच्या जागी आले डीजे, हळदीचा वेगळा इव्हेंट, प्री-वेडिंग शूट आणि हॉलचं लाखाचं भाडं. मालिकेतल्या श्रीमंत लग्नांवर आपण टीका करतो, तेव्हा हेही बघायला हवं.

प्रतिज्ञांबद्दल माझं एक वेगळं मत आहे, ते इथेच नोंदवते. त्या प्रतिज्ञा ‘सिगालोवाद सुत्ता’तल्या पती-पत्नीच्या कर्तव्यांवर बेतलेल्या आहेत. पतीने पत्नीचा मान राखावा, तिचा अवमान करू नये, एकनिष्ठ राहावं, घरचा अधिकार तिच्या हाती द्यावा, हे त्या काळाच्या मानाने फार पुढचं होतं. पण पत्नीच्या वाट्याला घरकाम नीट करणं, दोन्हीकडच्या पाहुण्यांची सरबराई आणि पतीने मिळवलेलं धन जपणं येतं. पल्लवीसारखी स्वतः कमावणारी मुलगी हे म्हणते तेव्हा मी विचारात पडते. पतीनेही घरकामाची प्रतिज्ञा घेतली तर धम्माला बाधा येईल असं मला वाटत नाही. यावर वाद होऊ शकतो, आणि आमच्या बैठकीत तो झालाच.

त्या मुलीचा मूळ प्रश्न होता, दोन्ही विधी केले तर बिघडतं कुठे? वरवर पाहता ही तडजोड समान वाटते. ती समान नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या गेल्या, त्यांत ब्राह्मणाकडून कोणतंही क्रियाकर्म करून घेणार नाही, ही एक प्रतिज्ञा आहे. होमाभोवती फेरे घ्यायचे म्हणजे बौद्ध मुलीने तिची प्रतिज्ञा मोडायची. उलट बाजूच्या मुलाला मंगलसुत्त ऐकल्याने काहीच मोडावं लागत नाही. एकाकडून आपली प्रतिज्ञा सोडायची अपेक्षा, आणि दुसऱ्याकडून फक्त अर्धा तास बसायची. तिला वाईट का वाटत होतं, ते इथे आहे.

शिवाय ‘संध्याकाळी तुमचं काय ते करा’ म्हणजे प्रत्यक्षात काय, हे मी माझ्या मावसबहिणीच्या लग्नात पाहिलंय. सकाळचं लग्न चार तास चाललं. संध्याकाळी जेवणाच्या पंगती सुरू असताना बाजूच्या खोलीत बौद्धाचार्यांना वीस मिनिटं मिळाली. बाबासाहेबांचा फोटो कुणीतरी सोफ्याच्या मागे भिंतीला टेकवून ठेवला होता, तो काढून पुसायला मी गेले. तिकडचे दोन-तीन जणच हजर होते. मावशी म्हणाली, जाऊ दे, पोरीचा संसार आहे. मी गप्प बसले. मालिकेत पल्लवी गप्प बसत नाही, म्हणून मला तो भाग पाहताना आनंदापेक्षा आधी स्वतःचा राग आला.

कायद्याचं भय अनेकदा घातलं जातं, ‘फेरे नसतील तर लग्न ग्राह्य नाही’ असं. हे चुकीचं आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ हा कलम २ नुसार बौद्धांनाही लागू होतो. स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची आपली मागणी जुनी आहे. शिखांना १९०९ पासून आनंद विवाह कायदा आहे, आपल्याला असं काही नाही. पण याच हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ म्हणतं, की दोघांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढ विधीने लग्न लागू शकतं. सप्तपदी लागते ती फक्त त्या विधीत सप्तपदी असेल तेव्हा. म्हणजे बौद्ध विधी एकटा पुरतो. मात्र विधी खरोखर झाला पाहिजे. विधीच झाला नसेल तर नुसत्या प्रमाणपत्राने लग्न सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा बौद्धाचार्यांचं सहीचं प्रमाणपत्र, विधीचे फोटो, साक्षीदार जपून ठेवा आणि विवाह निबंधकाकडे नोंदणी करा. कुणाचाच विधी नको असेल तर विशेष विवाह कायदा १९५४ आहे, त्यात तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते.

त्या भागाबद्दल माझ्या तक्रारीही आहेत. पहिली, बौद्ध लग्न पडद्यावर यायला नायिका अमेरिकेतली प्राध्यापक असावी लागली. नांदेड-अकोल्याकडच्या समाजमंदिरात दर उन्हाळ्यात लागणारी शेकडो लग्नं अजून कॅमेऱ्याला दिसलेली नाहीत. दुसरी, पल्लवीची भूमिका करायला आपल्यातली अभिनेत्री मिळाली नसती का? राधिका आपटेंचं काम उत्तम आहे, तो मुद्दा नाही. तिसरी तक्रार गंभीर आहे. ‘कमिंग आऊट ॲज दलित’ (२०१९) या पुस्तकाच्या लेखिका याशिका दत्त यांनी म्हटलं, की पल्लवीच्या पात्रात त्यांचं आयुष्य आणि त्यांची मांडणी श्रेय न देता वापरली गेली. निर्मात्यांनी ते नाकारलं. हक्काचा निवाडा मी करू शकत नाही. पण दलित बाईच्या आत्मसन्मानावरची गोष्ट सांगताना एका दलित बाईला श्रेयासाठी भांडावं लागावं, हे मला खटकलं. आपल्यातल्या अनेकांनी तेव्हा ‘आपलाच दिग्दर्शक आहे, वाद नको’ म्हणून याशिकांनाच गप्प राहायला सांगितलं. हे त्याहून जास्त खटकलं. पल्लवीला विक्रम जे सांगत होता, त्यापेक्षा हे वेगळं कुठे होतं?

बैठक संपल्यावर त्या मुलीने माझ्याकडून मालिकेचं नाव लिहून घेतलं आणि होणाऱ्या नवऱ्याला तो भाग पाहायला पाठवला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, मला आला, तिला नाही. त्याला पत्रातलं मडक्याचं आणि धाग्याचं वर्णन हवं होतं, आईला वाचून दाखवायला. मी मोबाईलवर टाइप करून पाठवलं. आता त्याच्या आईचं म्हणणं आहे, की पांढऱ्या साडीला निळे काठ चालतील का. चालतील म्हणून कळवलंय. फेऱ्यांचं अजून ठरायचं आहे, येत्या रविवारी दोन्ही घरं समाजमंदिरात बसणार आहेत.